आतेची गाडी आणि तारल्यांचं तेल

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, तारकर्लीकडे वळणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या न्याहाळणे हा रिकामटेकडेपणा नसून ती एक सार्वजनिक जबाबदारी आहे. गेली कित्येक वर्षे ही जबाबदारी प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या खांद्यावर पेलली आहे. मदतनीस म्हणून एक निवृत्त तांडेल आहेत. उभा जन्म होडीवर काढलेला हा माणूस आता अर्ध्या कप चहावर माझ्याकडे कामाला आहे.

त्या कोपऱ्यावर माझं कोकम-काजूचं दुकान आहे. गिऱ्हाईक कमी आणि रस्ता जास्त दिसेल अशी बैठक मी मुद्दाम लावून घेतली आहे. डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत आमचा हंगाम. त्या दिवसांत या वळणावरून काय काय जातं! एकदा एक लालभडक गाडी आली, इतकी बसकी की तांडेलांना वाटलं चाकं विसरून आली. आमच्या गतिरोधकाला तिचं पोट टेकलं आणि ती तशीच झोके खात राहिली. चालवणाऱ्या गोऱ्यागोमट्या तरुणाला उतरता येईना, कारण दार उघडायलासुद्धा जागा उरली नव्हती. तांडेल पुढे झाले, वाकून आत बघितलं आणि विचारलं, "काय रे, ओहोटी लागली की काय?" मग वाटेवरचे आणखी दोघे घेऊन आम्ही चौघांनी ती उचलून पुढे ठेवली. आम्ही तिचं नाव ठेवलं घोरपड.

तशी आमच्याकडे सगळ्यांनाच नावं आहेत. गोव्याकडून येणारी एक टप नसलेली पिवळी गाडी आहे, ती हळद. मागून गोल, पुढून गोल, अशी एक जुनी परदेशी गाडी दर मार्गशीर्षात येते, तिचं नाव कासवीण. आणि एक अवाढव्य काळी जीप होती, जिच्या मालकाने गाडी थेट ओल्या वाळूत घातली. भरती चढू लागली तेव्हा रापणीचं जाळं ओढणारी माणसं धावली, जाळ्याचा दोर तिला बांधला आणि सगळ्यांनी मिळून ती किनाऱ्याला ओढली. गर्दीतून एक म्हातारी ओरडली, "ह्यां कसलां म्हावरां गावलां रे मेल्यानु?" तेव्हापासून ती जीप म्हणजे देवमासा.

पण गाडीचं खरं रूप बघायचं तर नव्या गाड्यांकडे बघू नये. आमच्या हवेत मुरलेल्या गाड्यांकडे बघावं. मी दारात बसल्या बसल्या गाडीची कुंडली सांगतो. दरवाजाच्या खालच्या कडेला गंज असेल तर घर किनाऱ्याला. टपावर खळगा असेल तर अंगणात माड आहे आणि मालकाला नारळ उतरवून घ्यायचा कंटाळा आहे. खिडकीच्या रबरात लाल माती असेल तर माणूस वर कातळावरचा, काजूवाला. आतून वळकटीचा वास आला आणि स्टिअरिंगवर पांढरी बुरशी दिसली तर गाडी मुंबईकरांची, गणपतीपुरती बाहेर निघते. संध्याकाळी मावळतीकडे तोंड करून चालवणारा जर दर शंभर पावलांना थांबून काच पुसत असेल, तर तो नक्की बाहेरचा. खारं वारं काचेवर जो थर बसवतं, तो वायपरने जात नाही, उलट त्याची खीर होते. आमचे लोक काचेला तंबाखू चोळतात, पाणी थांबत नाही. बाहेरच्याला हे सांगितलं तर तो आपल्याकडे संशयाने बघतो.

या सगळ्या कुंडल्यांमध्ये मला मुखपाठ असलेली एक कुंडली म्हणजे आमच्या आतेच्या गाडीची.

आते म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. मुंबईच्या एका शाळेत शिकवत होती. निवृत्त झाली, आणि सगळे जण गाठोडी घेऊन गावी येतात तशी ती आकाशी रंगाची एक छोटी गाडी घेऊन, घाट उतरून, स्वतः चालवत आली. नवऱ्यामागे एकटी राहते. दर सोमवारी बाजार, महिन्यातून एकदा शिरोड्याला बहिणीकडे, आणि मनात आलं की खारेपाटणपर्यंत, केवळ रस्ता चांगला झाला आहे म्हणून. चालवण्याची पद्धत तिची अशी की प्रत्येक वळणाला हॉर्न, आणि समोरच्या वाहनाशी काचेआडून संभाषण. "ये बाबा, ये, तूच पुढे जा, तुझ्या बापसाचो रस्तो." एसटीच्या ड्रायव्हरांना हे ओठ ओळखीचे झाले आहेत. ते लांबूनच हात जोडतात.

तर गेल्या उन्हाळ्यात गाडीची मुदत भरत आली. पावसाळ्यानंतरही रस्त्यावर ठेवायची तर नवं पासिंग हवं. आणि नेमका त्याच वेळी तिच्या मुलाचा मुंबईहून फोन आला. फोन स्पीकरवर होता, मी तिथेच वाटाणे सोलत बसलो होतो.

"आई, हे शेवटचं. गाडी पास झाली नाही तर ती भंगारात, आणि तू बॅग भरून इकडे. गाडीशिवाय तू तिथे एकटी राहायचं नाही. कबूल?"

आतेने अंगणातल्या गाडीकडे एकदा बघितलं. म्हणाली, "कबूल."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "गो आते, कबूल कित्याक झालंस?"

"माझी गाडी नापास होयत असां माका वाटलांच नाय," ती म्हणाली. तिने एकदा हो म्हटलं की ते दगडावर कोरलं जातं, हे घरात सगळ्यांना माहीत. मुलालाही.

तिने मग गाडीखाली हात घातला. बाहेर काढला तेव्हा बोटांना बिस्किटाच्या चुऱ्यासारखा पत्रा लागला होता. गॅरेजवाल्याने खालून नवा पत्रा मारला, रंग दिला, आणि वर सांगितलं, "आते, माझां काम मी केलंय. पण समुद्र काय सुट्टी घेणा नाय. पाऊस लागलो की दोन म्हयन्यांत परत चुरो." आणि पासिंगसाठी आरटीओच्या साहेबांचा कॅम्प लागला होता नेमका भर पावसात.

दुसरी कोणी असती तर तिने दुकानातून गंज थांबवायचा काळा लेप आणला असता. पण आमची आते गलबतवाल्याची मुलगी. लहानपणी तिने बापाला पावसाआधी गलबत किनाऱ्यावर ओढून त्याला माशाचं तेल पाजताना बघितलेलं. ती माझ्या दुकानात आली आणि माझ्याकडे न बघता तांडेलांकडे वळली.

"तांडेलानु, होडयेक लावतत ता तारल्यांचा तेल तुमच्याकडे आसा?"

"आसा की. पण होडी खंय आसा तुझी?"

"अंगणात. निळी."

तांडेलांचा कप तोंडाजवळ थांबला. "गाडी ती होडी न्हय गो बाय."

"लाकडाक चलता ता लोखंडाक कित्याक नाय? समुद्र दोघांचो एकच."

तांडेलांनी कप खाली ठेवला आणि ते तेलाचा डबा आणायला उठले.

मे महिन्याच्या शेवटी गाडी चिऱ्यांवर चढवली. तांडेल गोणपाट अंथरून खाली शिरले, हातात कुंचला, आणि होडीला लावतात तसे तेलाचे तीन हात दिले. सांदीत, कोपऱ्यात, चाकांच्या मागे, आसाला, जिथे म्हणून कुंचला पोचेल तिथे. बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर बंदर सोडणाऱ्या माणसाची प्रसन्नता होती. "आता ही गाडी बुडाची नाय," त्यांनी जाहीर केलं. बुडण्याचा प्रश्न नव्हता, पण कौतुकाच्या वेळी माणसाने मध्ये बोलू नये.

पहिल्या दिवशीच वाडीतल्या सगळ्या मांजरांनी मुक्काम हलवला. गाडीखाली ती अशी बसायची की जणू सप्ताह आहे. आते सोमवारी बाजारात गेली की मांजरं फाटकापर्यंत पोचवायला यायची. तरीही बंद गाडीचा वास सोसण्यासारखा होता. खरी गंमत गाडी तापल्यावर. इंजीन तापलं की खालचं तेल तापायचं, आणि आकाशी गाडी जिथून जाईल तिथे तवा चुलीवर ठेवल्याचा, कडक तळलेल्या तारल्यांचा वास दरवळायचा. पावसाच्या दमट हवेत तो वर जायचा नाही, रस्त्यावरच रेंगाळायचा. शिरोड्याच्या बहिणीने तिला दारातच विचारलं, "गो, माझ्यासाठी हाडलंस तां खंय आसा?" आणि काही आणलंच नाही हे कळल्यावर दोन तास तोंड फुगवून बसली.

गंज मात्र आला नाही. आते रोज सकाळी खाली हात घालून बघायची. बोटं तेलकट निघायची, चुरा नाही. रोज सकाळी तिचा चेहरा थोडा थोडा मोकळा होत गेला.

कॅम्पच्या दिवशी आम्ही तिघे निघालो. निघण्याआधी तांडेलांनी गाडीपुढे नारळ ठेवला आणि देवाला गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय नवी झाडूसुद्धा वापरात येत नाही.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आते आणि मी.

"आज ही तुझी लेक आपली गाडी घेवन साहेबाच्या दारात चल्ली आसा. तेचो हातोडो लागलो तरी पत्र्याक भोक पडाक नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि मुंबैच्या झिलाक वायच गप बसव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" हे आते एकटीच म्हणाली, पण दोघांच्या आवाजात.

कॅम्पचं मैदान वर कातळावर. चढणीला ऊन, वळणावर सर, पुढे परत ऊन, असा तो प्रवास. ओले ब्रेक सुकवायला आते मधूनमधून हलकेच पाय देत होती. काच आतून धुरकट होत होती आणि खिडकी उघडावी तर आमचाच वास आमच्यावर परत येत होता. एका घराच्या पडवीत जपमाळ ओढणारे एक आजोबा आम्ही जाताना उठून उभे राहिले आणि दूरवर बघत राहिले. श्रावण लागला होता. अख्ख्या गावाने मासे सोडले होते.

मैदानावर रांग होती. साहेब उंच, सडपातळ, इस्त्रीच्या कपड्यांतले, आणि बोलणं छापील. हातात छोटी हातोडी. आमच्या पुढच्या जीपला त्यांनी खालून एकदा ठोकलं, आणि जीपच्या पोटातून लाल भुगा आणि एक चमचा खाली पडला. "नामंजूर," साहेब म्हणाले. मालकाने फक्त चमचा उचलला.

आतेने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. "झिला," ती माझ्याकडे वळून पुटपुटली, "मुंबैक तिसऱ्या माळ्यावर अंगण नसता रे."

मी रुमालाने तिच्या बाजूची काच पुसत राहिलो.

साहेब जवळ आले. शिपायाने आधीच कानात सांगून ठेवलं होतं की साहेब श्रावण कडक पाळतात, डब्यात महिनाभर मुगाची उसळ, जरा सांभाळून बोला.

"वय काय?" साहेबांनी विचारलं.

"माझं की गाडीचं?" आतेने शाळेतल्या आवाजात विचारलं.

"वाहनाचं."

ते वाकले. टक. टक. पत्र्याचा आवाज भरीव, घंटेसारखा. ते थांबले. उठले नाहीत. आणखी आत गेले. टक. बाहेर आले, कपाळाला आठ्या, पुन्हा वाकून आत गेले, या वेळी हातोडी न वाजवता. तांडेल माझा दंड धरून उभे होते. मला वाटलं, सापडलं भोक. आतेने डोळे मिटून घेतले.

साहेब दुसऱ्यांदा बाहेर आले. नाकपुड्या फुललेल्या.

"तळाला कशाचं लेपन केलं आहे?"

"तेल आहे," आते म्हणाली.

"कोणतं?"

आतेने तांडेलांकडे बघितलं. तांडेलांनी आकाशाकडे. शेवटी तेच म्हणाले, "तारल्यांचा, साहेबानु. होडयेक लावतत ता."

ऊन पडलं होतं, इंजीन चालू होतं. वास आता मैदानभर झाला होता. रांगेतली माणसं गाड्यांतून खाली उतरून आमच्या दिशेने बघत होती. साहेबांनी एक आवंढा गिळला. मग दुसरा. शिपायाने टेबलावरचा डबा हळूच मागे सरकवला. साहेबांच्या चेहऱ्यावरून सरकारी मराठी घामासारखी ओघळून गेली, त्यांनी हातोडी खिशात कोंबली, एक हात नाकावर दाबला आणि दुसऱ्याने रस्त्याकडे बोट दाखवत ते ओरडले,

"पास! पास आसा गाडी! अवो बाय, आता ही हयसून घेवन जावा बघू, माझो श्रावण आसा!"