कुंकू लावलेली घोडी आणि अर्धा तास

आमच्या घरी एक रीत आहे. शर्यतीला निघालेल्या घोडीच्या कपाळी एकदा कुंकू लागलं, की ती धावल्याशिवाय घरी परतायची नाही. आजोबांचा टांगा केव्हाच गेला, पण बाबांनी ही रीत सोडली नाही आणि घोडीचा नादही.

मी जनावरांची डॉक्टर झाले. बेसा गावाच्या पलीकडच्या मैदानावर दरवर्षी शर्यत व्हायची, तिथलं निशाण दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं. वीज पडण्याचा धोका नको म्हणून नियमही मीच लिहून लावला: ढग गरजला की शर्यत बंद, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय सुरू नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण तेव्हा आभाळ निरभ्र होतं.

त्या एप्रिलात आमच्या घोडीची शेवटची शर्यत होती. तिचं वय झालं होतं, बाबांचंही. घोडे रेषेवर आले आणि लांब कुठेतरी ढग गुरगुरला. मी निशाण गुंडाळलं.

"काहून थांबवून राहिली वं? एक थेंब तरी पडला का?" बाबा घोडीवरूनच ओरडले.

"उतरा बाबा. झाडाखाली नका थांबू, घोडीले पक्क्या तबेल्यात न्या."

अर्धा तास भरत आला की आभाळ पुन्हा गरजायचं आणि मी पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. असं तीनदा झालं. पाऊस मात्र आलाच नाही! शेवटी लोकांनी मला मनसोक्त नावं ठेवली, घोडे गाड्यांत चढवले आणि निघून गेले. मला रडू येत होतं. पण हट्ट मी बाबांकडूनच घेतलाय, तो कसा सोडणार?

बाबा तेवढे राहिले. कुंकू लावलेली घोडी घरी न्यायची कशी?

उतरतं ऊन पडलं तसे ते घोडीवर बसले आणि तिला रेषेवर घेऊन आले. मैदान रिकामं होतं, त्यांना अडवणारं कुणीच नव्हतं. तरी ते थांबले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "झाला का वं अर्धा तास?"

मी घड्याळ पाहिलं. "चार मिनिटं आहेत, बाबा."

घोडीच्या मानेवरून हात फिरवत ते चार मिनिटं गुपचूप थांबले. मग मी निशाण खाली टाकलं, आणि त्या एकट्या घोडीसाठी घसा बसेस्तोवर ओरडले.