उत्तरपत्रिकेवरचा गुलाल

माझ्या दोन्ही नातवंडांनो, मागच्या रविवारी फोनवर धाकटी सांगत होती की, निबंध नऊ मिनिटं उशिरा दिला म्हणून प्राध्यापकांनी गुण कापले. मी लगेच म्हटलं, "बरोबर केलं त्यांनी. नियम तो नियम." तुम्ही दोघं हसलात. फोन ठेवल्यावर मात्र मी बराच वेळ स्वस्थ बसू शकले नाही. नियमाच्या बाजूने मी एकदा एवढी ठाम उभी राहिले होते की एका मुलीचं वर्ष गेलं. हे तुमच्या आईलाही कधी सांगितलेलं नाही. आता लिहूनच टाकते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी महाडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि विद्यापीठाच्या परीक्षांसाठी आमच्या केंद्राची मुख्य पर्यवेक्षक होते. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला आठवडा उरला असताना पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतली मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. वर्गातली चांगली मुलगी. वडील मुंबईला गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले. त्यांनी तिला शब्द दिला होता की, यंदा पास झालीस तर बी.एड., नाहीतर लग्न.

"मॅडम, शेवटचा पेपर मी देणार नाय."

"का?"

"त्या दिवशी आमच्या घरी पालखी हाय."

शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते, हे तुम्हाला ऐकून माहीत असेल. पालखी दारात आली की घरातल्या बाईने देवीची ओटी भरायची. हिची आई दोन वर्षांपूर्वी गेलेली, आजी विधवा, म्हणून आजीने भरायची नाही. उरली हीच. मी कपाळावर हात मारला. तीन वर्षं शिकवलं, आणि शेवटी एका नारळाने आणि मूठभर तांदळांनी पदवी अडवली!

रविवारी एस.टी.ने मी वाडीवर गेले. सहाणेवर, म्हणजे पालखी जिथे विसावते त्या ओट्यावर, गावकीची मंडळी बसली होती. मी सगळं नीट समजावून सांगितलं. गावकीचे म्हातारे प्रमुख शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्या विद्यापीठाला सांगा ना, शिमगा हाय म्हणून. एक दिवस नाय थांबायचा का पेपर?"

"पेपर सगळ्या कॉलेजांत एकाच वेळी असतो."

"मग आमी पालखी पन सगळ्या घरांत एकाच वेळी न्यायची? देवी काय येस्टी हाय?"

"येस्टी तरी कुटं वेळेवर येते!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. मी हसले नाही.

पालखीचा क्रम ठरलेला असतो. पहिला मान एका घराचा, आणि हिचं घर तेरावं. पेपर अकराला. मी पर्समधून कागद काढला. त्यावर मी वेळापत्रकच करून नेलं होतं: सात वाजता पालखी उचलायची, सव्वासातला हिच्या घरी, आठची एस.टी., दहाला ती महाडात. बाकी क्रम जसाच्या तसा. म्हाताऱ्यांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

"बाईंनी एवढा लिवून आनलाय. ठेवू त्यांचा मान."

मी विजयी मुद्रेने परत आले. पहिल्या मानाचा घरधनी त्या दिवशी मुंबईत होता आणि त्याला कोणीच विचारलं नव्हतं, हे ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

तो आदल्या रात्री आला. सकाळी सातला पालखी उचलली, तर हा गृहस्थ रस्त्यात आडवा. "पयला मान माजा. बाईचा कागद तुमच्या देव्हाऱ्यात ठेवा." उचललेली पालखी भलत्या ठिकाणी खाली ठेवता येत नाही. खांदेकरी खांदे बदलत उभे, ढोल वाजतोय, गुलाल उडतोय, भांडण चाललंय. वाडीला रस्ता एकच. आठची एस.टी. पालखीमागे हॉर्न देत थांबली आणि शेवटी चालकाने ती कशीबशी वळवून पोलादपूरला नेली. साडेनऊनंतर तडजोड झाली: आधी त्याचं घर, मग हिचं. ओटी भरून ही धावत सुटली. चुलतभाऊ एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून नुकताच घरी आला होता. त्याने चपलाही न काढता मोटारसायकल परत फिरवली.

अकरा वाजून सव्वीस मिनिटांनी ती वर्गाच्या दारात उभी होती. साडेअकरानंतर आत घेत नाहीत. केसांत, कानांत, मानेवर, नखांत, सगळीकडे गुलाल. माझ्या मदतीला असलेले कॉमर्सचे सर म्हणाले, "मॅडम, ही हात लावेल तो कागद रंगणार. उत्तरपत्रिकेवर ओळखीची खूण चालत नाही."

मी तिला नळावर पिटाळलं, साबण दिला. घामात भिजलेला गुलाल साबणाला कसला दाद देतोय! तिने पूर्ण पेपर लिहिला. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर अंगठ्याचा लख्ख गुलाबी ठसा राहिला.

पेपर संपल्यावर मी पत्र लिहायला बसले. डागाचं कारण, वेळ, मुलीचा आसनक्रमांक, सगळं स्वच्छ इंग्रजीत, कार्बन कॉपीसह.

"मॅडम, कशाला लिहिताय? तपासणारा म्हणेल, कुणाचं तरी सरबत सांडलं."

"नियम आहे, सर."

"नियमात गुलाल कुठे आहे?"

मी पाकीट चिकटवलं. पत्र गठ्ठ्यासोबत गेलं.

जूनमध्ये सगळ्यांचे निकाल लागले. हिच्या नावापुढे 'राखीव', म्हणजे निकाल रोखून ठेवलेला. तीन पत्रं पाठवली, उत्तर एकालाही नाही. मग वीर स्टेशनवरून गाडी धरून मी दोनदा विद्यापीठात गेले. खिडकीमागचा कारकून फाईल उलगडून म्हणाला, "तक्रार तर तुमचीच आहे."

"ती तक्रार नाही. तो खुलासा आहे."

"मॅडम, खुलाशाची आमच्याकडे फाईलच नाही. तक्रारीची आहे, म्हणून तिच्यात लावला."

मला संताप आला, पण कोणावर करणार? माझ्याच अक्षरातला कागद समोर होता. मी पत्र लिहिलं नसतं तर त्या ठशाकडे कोणी पाहिलंही नसतं. आणि मी वेळापत्रक करून नेलं नसतं, पहिल्या मानाच्या माणसाशी आधी बोलले असते, तर ठसा उमटलाच नसता.

दिवाळीनंतर निकाल आला. द्वितीय श्रेणी. बी.एड.चे प्रवेश केव्हाच बंद झाले होते. मी परत वाडीवर गेले, कारण आता लग्नाची बोलणी सुरू होतील अशी भीती होती. वडील मुंबईहून आले होते. मी म्हटलं, "चूक माझी आहे. मुलीला शिक्षा करू नका."

"बाई, तुमच्या एकटीची कशी?" ते म्हणाले. "पालखी आमी अडवली ना. आता गावच बोलतो, पोरीचा वरीस आमच्यापायी गेला. लग्नाचा कोन नाव काढत नाय. पुडल्या वर्षी जाऊ दे शिकायला."

हे बोलणाऱ्या गावानेच मार्चमध्ये मला देवी एस.टी. आहे का म्हणून विचारलं होतं. मी चहा प्यायले आणि एस.टी.ची वाट पाहत उभी राहिले. ती पाऊण तास उशिरा आली.

पुढच्या वर्षी तिने बी.एड. केलं. लग्नही केलं, पण नोकरी लागल्यावर. आज ती तुडीलच्या बाजूला एका हायस्कुलात इंग्रजी शिकवते. पदवीच्या गुणपत्रिकेवर तिच्या वर्गातल्या सगळ्यांपेक्षा पाच महिने उशिराची तारीख आहे, आणि ती तशीच राहणार. वाडीवर पालखी अजून निघते, आणि पहिला मान अजून त्याच घराचा आहे.