खंडेनवमीसाठी रायफल

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसणार तुम्ही आहातच. निदान चहाचा कप खाली ठेवून हसा, गालिचा नवा आहे.

ज्या माणसाला दिवाळीत फुलबाजी पेटवतानाही हात लांब करून मान दुसरीकडे वळवावी लागते, त्या माणसाने रायफल विकत घेतली. लष्करी! थ्री-नॉट-थ्री! आणि कुठे राहून? शारजात. आणि कधी? भर मंदीत. तो माणूस तुमच्यासमोर बसलाय.

मंदी म्हणजे ती, दोन हजार आठ सालानंतरची. आम्ही तेव्हा अल नहदाला राहायचो आणि ऑफिस दुबईत. बांधकाम कंपनीत मी प्लॅनिंग इंजिनियर. आता बांधकामच बंद पडल्यावर प्लॅनिंग कसलं करणार, सांगा? माझ्या खिडकीतून अकरा क्रेन दिसायच्या आणि एकही हलायची नाही. मी रोज सकाळी त्या मोजायचो. अकरा भरल्या की दिवसाचं काम संपलं.

तिकडे तेव्हा सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून आठवड्याचा शेवटचा दिवस गुरुवार. आणि गुरुवारी दुपारी पाकिटं मिळायची. साहेब केबिनमध्ये बोलवायचे, पांढरं पाकीट हातात द्यायचे, पाठीवर थोपटायचे. खलास! नोकरी गेली की व्हिसा गेला आणि व्हिसा गेला की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. मुलगी दुबईतल्या ऊद मेथाच्या शाळेत सहावीत, तिचं वर्ष अर्ध्यावर. दर गुरुवारी सकाळी माझ्या घशाखाली पोह्याचा घास उतरायचा नाही, खरंच सांगतो.

अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? बायोडेटा नीट करून ठेवतो. मी रायफल घेतली.

दोष माझा नव्हता. बरं, माझाच होता, पण सुरुवात सासऱ्यांनी केली. आमचे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, निवृत्त सुभेदार. साताऱ्याकडचे. आदल्या वर्षी दसऱ्याला ते व्हिजिट व्हिसावर आले होते. खंडेनवमीला आपण शस्त्रं पुजतो ना? आता शारजातल्या फ्लॅटमध्ये शस्त्रं आणणार कुठून? म्हणून मी दरवर्षीप्रमाणे पाटावर ऑफिसचा लॅपटॉप, कॅल्क्युलेटर आणि बायकोची भाजीची सुरी मांडली आणि हळदकुंकू वाहिलं.

आबा कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"जावईबापू, हे काय मांडलंय?"

"शस्त्रं, आबा."

"ह्यात शस्त्र कुठलं?"

"हा लॅपटॉप. आजच्या काळात म्हणजे बघा…"

"ह्यानं माशी तरी मरंल का?" मग जरा वाकून म्हणाले, "सुरी मात्र बरी हाय. आमच्या लेकीची ना?"

वर्षभर ते 'माशी तरी मरंल का' माझ्या कानातून जाईना. आणि यंदाही ते यायचे होते.

इकडे ऑफिसात काम नव्हतं, पण इंटरनेट होतं. एका विलायती लिलावाच्या साइटवर जुन्या लष्करी वस्तू विकायला असायच्या. टोप्या, बिल्ले, पाण्याच्या बाटल्या. आणि एका दुपारी ती दिसली. लांबसडक, काळपट तपकिरी, चामड्याचा पट्टा लावलेली. मला तर पाटावर ठेवलेली, झेंडूची माळ घातलेली आणि शेजारी तोंडाचा आ वासून उभे असलेले आबाच दिसले. फोटोखाली बारीक अक्षरात भलं मोठं वर्णन होतं. वाचलं का मी? तुम्ही वाचता का कधी?

मी बोली लावली, पण अगदी खालची. दोनशे दिरहम, म्हणजे सव्वीसशे रुपये. एवढ्यात रायफल कोण देतो? कुणीतरी वरची बोली लावणारच, आणि मग आपण आबांना सांगायचं, 'घेतच होतो हो, थोडक्यात हुकली!' इज्जतही राहील आणि धोकाही नाही. असा माझा प्लॅन. शेवटी प्लॅनिंग इंजिनियर ना मी!

पण मंदी काय एकट्या दुबईत होती? साऱ्या जगात असल्या गोष्टीवर पैसे उधळणारा माणूसच शिल्लक नव्हता. तीन दिवसांनी निरोप आला, अभिनंदन, आपण जिंकलात.

आनंद चार मिनिटं टिकला. पाचव्या मिनिटाला मला आठवलं की आपण राहतो कुठे. जिथे शेजाऱ्याशी आवाज चढवून बोलायलाही माणूस दहादा विचार करतो, तिथे मी पोस्टाने रायफल मागवली होती. आणि सहाव्या मिनिटाला आठवलं की पत्ता कुठला दिलाय. तिथे पोस्टमन दारावर येत नाही. पोस्टात पेटी असते, ती कंपनीच्या नावावर, आणि लग्नपत्रिकेपासून विम्याच्या कागदापर्यंत सगळ्यांचं सगळं त्या एका पेटीत येतं. म्हणजे माझी रायफल कंपनीच्या पत्त्यावर येणार होती!

विकणारा इंग्लंडातला कुणी आजोबा होता. मी त्याला गयावया करून लिहिलं, बाबा रे, रद्द कर, पैसेही ठेव आणि रायफलही ठेव. त्याचं उत्तर आलं, 'काळजी नसावी. कालच रवाना केली. लाकडाला छान जवसाचं तेल चोळलंय.' किती सज्जन माणूस! मला त्याचा गळा दाबावासा वाटला.

बायकोला सांगणं भाग होतं. मृणाल भेंडी चिरत होती.

"अगं, मी एक मागवलंय."

"आता काय? परत ज्यूसर?"

"रायफल."

सुरी थांबली. "काय?"

"जुनी आहे. थ्री-नॉट-थ्री."

"अहो, बाथरूममध्ये झुरळ दिसलं की तुम्ही मला हाक मारता!"

"आबांसाठी गं…"

"आबांना खजूर चालतात! दरवर्षी चालतात! त्यांनी कधी रायफल मागितली?"

हॉलमधून कन्येचा आवाज आला, "बाबा, आर यू गोइंग टू जेल?"

"नाही गं बाळा."

"बट इफ यू गो, कॅन आय टेल माय फ्रेंड्स?"

पुढचे अडीच आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. शारजा-दुबई रस्त्यावर मागे पोलिसांची गाडी दिसली की मी आपणहून बाजूला थांबायचो आणि कागदपत्रं काढून मांडीवर ठेवायचो. ते बिचारे पुढे निघून जायचे. दाराची बेल वाजली की आधी पासपोर्टाच्या कपाटाकडे धावायचो. का, ते विचारू नका. चार किलो वजन उतरलं. लोक म्हणायचे, "दामले, मंदी एवढी मनाला लावून घेऊ नका." त्यांना काय सांगणार, कपाळ?

आणि एका गुरुवारी सकाळी हमजाभाई माझ्या टेबलाशी आले. हमजाभाई म्हणजे आमचे पीआरओ, कंपनीची व्हिसाची, पोस्टाची, झाडून सगळी सरकारी कामं करणारे. मूळचे केरळचे. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि एक चिठ्ठी टेबलावर पालथी ठेवली.

"दामले साब, ये क्या मंगाया तुम?"

"क्या हुआ?"

"कस्टम का चिट्ठी है. आके बक्सा खोलो बोलता है. इसमें रायफल लिखा है. मिलिटरी."

"हमजाभाई, आप जाके ले आएँगे?"

"मैं? मेरा तीन बेटी है, साब! मैं वो पोस्ट ऑफिस का रस्ते से भी नहीं जाएगा."

दुपारी दोन वाजता निरोप आला, साहेबांनी बोलावलंय.

आता बघा. गुरुवार, दुपार आणि साहेबांची केबिन. दुसऱ्या कुणालाही पाकीट आठवलं असतं. माझ्या डोक्यात मात्र एकच, हमजाभाईंनी सांगितलं! गेलो. आमचे साहेब लेबनॉनचे, फादी साहेब, तसा मनाचा मऊ माणूस. चेहरा पाडून बसले होते, एक हात टेबलाच्या खणावर.

"बसा, मिस्टर दामले. मला तुमच्याशी जरा कठीण विषयावर…"

"सर, माझी चूक झाली!"

"तुमची?"

"रायफल माझीच आहे सर. कंपनीचा काही संबंध नाही. मी फक्त ऑफिसचा पत्ता दिला."

"रायफल," साहेब हळूच म्हणाले. "ऑफिसच्या पत्त्यावर. कशासाठी?"

आता लेबनॉनच्या माणसाला खंडेनवमी कशी समजावणार? तरी मी प्रयत्न केला. म्हणालो, "सर, ज्याच्यावर आमचं पोट चालतं, त्या हत्याराची आम्ही वर्षातून एकदा पूजा करतो. दरवर्षी मी ऑफिसचा लॅपटॉप ठेवायचो. यंदा ऑफिसची ही परिस्थिती बघून म्हटलं, रायफल ठेवू."

साहेबांनी खणावरचा हात काढून घेतला.

"तुमचा… ऑफिसवर काही राग आहे का?"

"छे छे सर! ऑफिसने माझ्यासाठी जे केलंय ते मी कधीच विसरणार नाही!"

ते उठले. माझ्यासाठी स्वतः दार उघडलं. "हबीबी, तुम्ही घरी जा. विश्रांती घ्या. मी सहज बोलावलं होतं."

किती मोठ्या मनाचा माणूस, बघा! माझे डोळे भरून आले. मृणालला सांगितलं तर ती फक्त "हं" म्हणाली.

त्यानंतर तीन गुरुवार गेले. माझ्या डावीकडचं टेबल रिकामं झालं, मग उजवीकडचं, मग समोरचं. मला कुणी बोलवेना. उलट साहेब लिफ्टपाशी भेटले की म्हणायचे, "तुम्ही जा मिस्टर दामले, मी पुढच्या लिफ्टने येतो." कॅन्टीनमध्ये मी शिरलो की लोक मला रांगेत पुढे जाऊ द्यायचे. मला वाटायचं, माझी तब्येत उतरलीय ना, माणुसकी दाखवतायत. पण कस्टमची ती चिठ्ठी खिशात घेऊन फिरणाऱ्याला कसली झोप लागते? जावं तर अटक, न जावं तर शोधत येतील. दुसरी चिठ्ठी आली तेव्हा मी ती न उघडताच पहिलीच्या मागे ठेवली.

मग आबा आले. पहिल्या रात्रीचं जेवण होईपर्यंत दम धरला आणि मग घडाघडा सगळं ओकलो. वाटलं, आता सुभेदार कडाडणार. त्यांनी शांतपणे चष्मा मागितला. "फोटू दाखवा."

दाखवला. त्यांनी नाक लावून बघितला.

"जावईबापू, ही रायफल न्हाय."

"म्हणजे?"

"लाकूड हाय हे. नव्या रंगरूटांना कवायतीला देतात तसलं. नळी बघा की, भोक कुठाय? तसं खाली लिहिलंबी असंल."

मुलीने वाकून खालची बारीक अक्षरं वाचली. "वुडन. कॅनॉट फायर. फॉर ड्रिल ओन्ली. बाबा, इट्स द सेकंड लाइन!"

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. सकाळी आबांना घेऊन कस्टमला गेलो. अधिकाऱ्याने बक्सा उघडला आणि तो काही बोलणार, इतक्यात आबांनी ते लाकूड उचललं, खांद्याला लावलं आणि भर ऑफिसात खणखणीत 'सावधान' केलं! मी डोळे मिटले. उघडले तेव्हा अधिकारी हसत होता. म्हणाला, लाकूडच आहे, पण दिसायला हत्यार आहे, त्यामुळे देता येणार नाही, इथे सही करा. मी तीन ठिकाणी सह्या केल्या. त्याने वस्तू लाकडी असल्याचा शिक्क्याचा कागद दिला. आबांनी सलाम ठोकला, त्यानेही उलट ठोकला.

सुटलो हो! गाडीत बसलो तर दीड महिन्यात पहिल्यांदा पोटात भूक लागल्यासारखं वाटलं.

"साहेबाला सांगितलं का?" आबा म्हणाले.

"काय?"

"ती लाकडाची हाय म्हणून. बिचारा उगा काळजी करत बसला असंल. खरं ते तोंडावर सांगावं माणसानं."

अगदी बरोबर! तडक ऑफिस गाठलं, आबांना खाली गाडीतच बसवलं आणि आत गेलो. लिफ्ट येईना, म्हणून जिन्याने निघालो. जिन्यात हमजाभाई भेटले. त्यांना कागद दाखवला, म्हटलं साहेबांना सांगायला चाललोय. त्यांनी माझा दंडच धरला.

"साब, साहब को मत बोलो."

"क्यों?"

"मैं बोलता है, मत बोलो. अभी जैसा है, अच्छा है."

"नहीं हमजाभाई, सच बोलना चाहिए." मी दंड सोडवून घेतला.

मला बघताच साहेबांनी खुर्ची भिंतीपर्यंत मागे नेली. मी कागद पुढे ठेवला.

"सर, लाकडी होती. कवायतीची. कस्टमनेच ठेवून घेतली."

"लाकडी?" त्यांनी शिक्का दोनदा वाचला. "नक्की?"

"शंभर टक्के सर."

"आणि घरी दुसरं काही?"

"काही नाही सर! मी तर अत्यंत भित्रा माणूस आहे. ऑफिसात कुणालाही विचारा."

साहेबांनी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. चेहऱ्यावर रंग आला. मग त्यांनी खण उघडला आणि पांढरं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. आतल्या पत्रावर माझं नाव होतं आणि तारीख चार आठवड्यांपूर्वीची. पाठीवर थोपटलंसुद्धा.

चार आठवडे ते पाकीट मला द्यायची त्यांची हिंमत होत नव्हती. ती हिंमत मीच, लिफ्टची वाट न बघता, चार जिने धावत चढून त्यांना देऊन आलो.