मेंढरू आणि पॉलिस्टर

कुणी भेटला की माझा हा दोस्त आधी त्याची बाही चिमटीत धरणार, कापड चोळून बघणार, मगच नमस्कार. बायकांच्या पदराला हात लावत नसे, तेवढी अक्कल होती. तुमच्या आळीतही असा एखादा असेलच.

आयुष्यभर तो बोईसरला पॉलिस्टरच्या कारखान्यात मशीनवर होता. मी तिथेच गोदामात हमाल. दोघं रिटायर झालो, मग माझी बायको गेली. डॉक्टरने साखरेसाठी चालायला सांगितलं, मी घरात बसलो. हा रोज सकाळी दारात.

"चल. बसून मेलास तर उचलायला मलाच यायला लागल."

पावसाळा होता. त्याच्या अंगात पॉलिस्टरचा टी-शर्ट, माझ्या अंगात बायकोने रात्रपाळीसाठी विणलेला लोकरीचा स्वेटर. पाम गावच्या रस्त्याला लागेपर्यंत स्वेटर पाणी पिऊन मांड्यांवर लोंबायचा.

"मेंढरू घालून कोन फिरतो रे पावसात? माझा बग. पानी थांबतच नाय."

"वास थांबतो. कितीबी धू."

"तो कष्टाचा हाय."

चहाच्या टपरीवर उभे राहिलो की वारा लागायचा. त्याचा शर्ट अंगाला चिकटायचा आणि हा कुडकुडायचा. मला भिजलेल्या लोकरीतही ऊब.

"थंडी वाजते?" मी विचारायचो.

"नाय. हलतोय जरा."

स्वेटर का घालतो ते मी त्याला सांगितलं नव्हतं. बायको मागच्या दारी चुलीवर सुके बोंबील भाजायची, स्वेटर तिथेच खुंटीला असायचा. कोरडा असताना काही नाही. भिजला की त्यातून तो धूर आणि ते बोंबील वर यायचे.

पण पावसात स्वेटर वाळेना. मी ओलाच घालायचो, खोकला लागला. एके दिवशी दोरीवरचा स्वेटर हा न विचारता घेऊन गेला. कारखान्यात पॉलिस्टर उकळत्या पाण्यात रंगवतात, त्याला काही होत नाही. ओलीचा कुबटपणा जावा म्हणून याने तसाच सोडा टाकून स्वेटर उकळला.

संध्याकाळी दारात आला, हात पाठीमागे.

"आकसला."

लहान पोराला येईल एवढा झाला होता. नाकाला लावला. नुसता सोडा.

"तिचा वास व्हता त्यात. चुलीचा, बोंबलाचा," मी म्हणालो.

तो तसाच मागे वळून निघून गेला. असं पहिल्यांदाच झालं.

मी चालणं सोडलं. हा सकाळी यायचा, हाक न मारता फाटकाशी भिजत उभा राहायचा आणि एकटाच जायचा. आणि जाताना ते आकसलेलं मेंढरूही एक दिवस पुन्हा उचलून घेऊन गेला. मग एकदा त्याच्या अंगणातून एवढा धूर आला की मी उठून बघायला गेलो. तीन विटा मांडून हा बोंबील भाजत बसला होता. डोळे लाल. वर दोरीवर स्वेटर.

"नाक लाव."

लावलं. "तिचा नाय हा."

"म्हाईत हाय. चल आता."

गेलो.

तो गेला त्याला आता वर्ष होईल. तेरावं झाल्यावर त्याच्या बायकोने त्याचा टी-शर्ट मला आणून दिला.

"भावोजी, कितींदा धुतला. वास काय जात नाय."

"असू दे, वहिनी."

पावसात तोच घालतो. आत छातीशी स्वेटरची घडी. टपरीवर थांबलो की वारा लागतो.

"बाबा, थंडी वाजते?" टपरीवाला विचारतो.

"नाय," मी म्हणतो. "हलतोय जरा."