दारातली दांडी

घरात लटकण्यासाठी लोखंडी दांडी आणायचं ठरलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता एवढंच काय ते राहिलं होतं. मी तेवीस वर्षांची होते, लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि माझा स्वभाव तेव्हाही असाच होता. आधी नाही म्हणायचं, मग ऐकून घ्यायचं.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही दोघं बेळगाव भागातले. बंगळूरला चामराजपेटेत एका कानडी घरमालकिणीच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, एका सरकारी कारखान्यात टर्नर होते. लेथवर लोखंड फिरवायचं आणि केसाच्या जाडीइतका फरकही राहू न देता कापायचं, हे त्यांचं काम. त्याचा त्यांना फार अभिमान. पोळी जरा वाकडी झाली तर ताटातली पोळी बोटानं मोजून दाखवणारा माणूस. मी म्हणायची, मग लेथवरच लाटून आणा.

त्या वर्षी हे सायकलवरून घरी येताना एका जटक्याला, म्हणजे तिकडच्या टांग्याला, चुकवायला गेले आणि उजव्या खांद्यावर पडले. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण हात काही खांद्याच्या वर जाईना. शर्ट घालताना मी बाही धरायची. केसांना तेल डाव्या हातानं लागायचं आणि अर्धं कपाळावर ओघळायचं. कारखान्यानं त्यांना तात्पुरतं स्टोअरमध्ये बसवलं होतं. नट-बोल्ट मागायला आलेल्याला नट-बोल्ट द्यायचे. दसऱ्यानंतरच्या सोमवारी कारखान्याचे डॉक्टर तपासणार होते. दोन्ही हात सरळ वर नेऊन कानाला टेकवता आले तर पुन्हा लेथ, नाही तर कायमचं स्टोअर. पगारात फारसा फरक पडणार नव्हता. पण संध्याकाळी घरी आल्यावर हे बोलायचेच बंद झाले होते, आणि तो फरक मला दिसत होता.

आमच्या पेठेतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, "मालिश पुरे झालं. आता लटका. आधी खाली धरा, गुडघे वाकवून हातावर वजन टाका. रोज स्वल्प, स्वल्प. हात मोकळा झाला की धरायची जागा वर न्या." हे सांगताना त्यांनी आपल्या दवाखान्याच्या खिडकीचा गज धरून गुडघे वाकवून दाखवले. मग त्यांना सरळ करायला ह्यांनाच डावा हात द्यावा लागला.

मग आमची शोधाशोध सुरू झाली. सिटी मार्केटजवळच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात एक सिंगल बार होता. भिंतीत चार मोठे बोल्ट मारून बसवायचा. दुकानदार चांगला होता, पण त्याला आमच्या भाड्याच्या भिंतीची काय कल्पना. तिथे साधं कॅलेंडर लावायचं तरी घरमालकिणीला विचारावं लागे. शिवाय तो एकदा बसला की बसला, हळूहळू वर सरकणार कसा? दुकानदारानं मग ओढायच्या स्प्रिंगा काढल्या, छाती रुंद होते म्हणाला. मी म्हटलं, छाती आहे तेवढी पुरे, खांद्याचं बोला.

तालमीत जाणाऱ्या एका शेजाऱ्यानं सुचवलं, की छताला पाळण्याची कडी आहेच, तिला दोर आणि बांबू बांधा. मी साफ नाही म्हटलं. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. तीन वर्षांत त्या कडीला काही लागलं नव्हतं, आणि तिथे पहिल्यांदा काही टांगायचं ते हे नको, एवढंच मला वाटत होतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

शेवटी ह्यांनीच कागदावर चित्र काढलं. जुन्या लोखंडाच्या बाजारातून एक नळी आणायची. तिच्या एका टोकात आटे पाडून स्क्रू बसवायचा, दोन्ही टोकांना लाकडी टोप्या, टोप्यांवर टायरचं रबर. नळी दाराच्या चौकटीत आडवी धरून फिरवली की स्क्रू बाहेर येतो आणि दांडी दोन्ही बाजूंनी चौकटीला दाबून बसते. खिळा नाही, भोक नाही. पाहिजे तेव्हा काढा, पाहिजे त्या उंचीवर लावा. एका मित्राच्या छोट्या वर्कशॉपमध्ये रविवारी बसून ह्यांनी ती केली. आटे कापताना उजवा हात नुसता टेकवायला आणि सगळं काम डाव्या हाताला. घरी आणली तेव्हा किती दिवसांनी चेहरा उजळलेला पाहिला मी. त्या दिवशी पोळ्या कशा झाल्या होत्या ते त्यांनी पाहिलंही नाही.

आता दार कुठलं? स्वयंपाकघराची चौकट वाळवीनं पोखरलेली. न्हाणीघराची ओलसर. भक्कम होतं ते पुढचंच दार.

"त्या दारात नाही," मी म्हटलं. "उंबरठ्याला रोज हळदकुंकू लावते मी. लक्ष्मी यायच्या वाटेत तुम्ही लोंबकळणार?"

"लक्ष्मी वाकून येईल की," हे म्हणाले.

घरमालकीणबाईंना हे असलं विनोदाचं कळलं असतं तर घर सोडावं लागलं असतं. मी त्यांच्याशी कानडीतच बोलले. त्या विधवा होत्या, कडक होत्या, आणि आमच्यावर त्यांचा जीव होता. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "सरी, चालेल. हात बरा होऊ दे आधी. पण अक्का, शुक्रवारी आणि सणावारी ती दांडी दारातून निघाली पाहिजे. पूजा झाल्यावर पुन्हा लाव." वयानं मी त्यांच्या मुलीसारखी, तरी त्या मला अक्का म्हणत.

असं सुरू झालं. सकाळी कारखान्याची बस यायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर, घरात तोंड करून हे दांडी धरायचे आणि हळूहळू गुडघे वाकवायचे. पहिल्या आठवड्यात दांडी पोटाच्या उंचीवर होती. तरी घाम फुटायचा आणि ओठ पांढरे पडायचे. मी आत भाजी चिरत मोठ्यानं आकडे मोजायची, कारण पुढे उभं राहून ते बघवत नव्हतं. दर आठवड्याला दांडी चार बोटं वर जायची. छाती, गळा, हनुवटी. येता-जाता वाकायचं मला इतकं अंगवळणी पडलं, की बाजारातल्या दुकानांतही मी वाकून शिरायची.

शुक्रवारी दांडी काढायची आणि पूजेनंतर लावायची, हे माझं काम. ह्यांनी मला नीट शिकवलं होतं. दोन्ही टोकं दिसायला सारखी, स्क्रू आत लपलेला. म्हणून एका टोपीवर त्यांनी तांबडा ठिपका दिला होता. "हे टोक नेहमी घरातून बघताना उजव्या हाताला. तसं लावलं की माझ्या ओढण्यानं दांडी आणखी घट्ट होते. उलटं लावलंस तर ओढण्यानं सुटेल. बाकी काही लक्षात ठेवू नको, ठिपका लक्षात ठेव." मी म्हटलं, मी काय शाळेतली पोर आहे?

खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यातली यंत्रं धुऊन, हार घालून बंद ठेवतात, आणि घराघरांत हत्यारांची पूजा होते. मी विळी मांडली, सुरी मांडली, ह्यांचे पाने आणि मोजायची पट्टी मांडली. मग वाटलं, या वर्षी घरातलं खरं हत्यार तर ही दांडीच. ती काढली, चिंचेनं घासून लख्ख केली, पुसून पाटावर ठेवली. नळीला हळद लावली आणि दोन्ही टोप्यांवर मोठं, भरपूर कुंकू लावलं. हात जोडून मागितलंही. काय मागितलं ते सांगायला नको.

पूजेतलं हत्यार त्या दिवशी वापरत नाहीत. दसऱ्याच्या सकाळी ते पुन्हा हातात घ्यायचं. म्हणून हे अंघोळीला गेलेले असताना मी दांडी लावायला घेतली, आणि बघते तर दोन्ही टोकं लाल. कुंकू पुसून पाहिलं, तर लाकडात मुरलेलं. तेव्हाच हाक मारून विचारायचं, पण शाळेतली पोर नाही म्हणून मीच बजावलेलं. अंदाजानं एक टोक उजवीकडे धरलं आणि कपाळाच्या उंचीवर फिरवायला लागले. नेहमी ज्या बाजूला फिरवते त्या बाजूला फिरवून ती घट्ट होईना. उलट्या बाजूला फिरवली तेव्हा झाली. हे मला जाणवलं होतं. ते मी आज इतक्या वर्षांनीही खोटं सांगणार नाही. झाली ना घट्ट, असं म्हणून मी पुरण वाटायला बसले.

नवा सदरा घालून हे दारात आले, दांडीला हात लावून तो कपाळाला लावला आणि वजन टाकलं. तिसऱ्या वेळेला दांडी फिरली, सुटली, आणि हे दांडीसकट उंबरठ्यावर बसले. फार लागलं नाही. कमरेला मुका मार आणि कोपराला खरचटलं. पण त्यांनी दांडीकडे न बघताच ती खाटेखाली सरकवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मी म्हटलं, "अहो, पुन्हा लावू या की."

"आटे सैल पडले," ते म्हणाले. "डाव्या हातानं कापलेले. मला वाटलं होतं जमलेत. साधे आटे मला कापता येईनात, आणि लेथ मागायला निघालोय."

संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले. हे सगळ्यांशी हसून बोलले. एका कारखान्यातल्या माणसाला म्हणाले, स्टोअरमध्ये काय वाईट आहे, बसून काम. खांद्याचं दुखणं ते महिनोन् महिने सोसत आले होते, पण आपल्या हातचं काम फसलं म्हटल्यावर त्यांचा धीरच गेला. आणि काम फसलं नव्हतं. ते मला माहीत होतं, फक्त मला.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. दांडी खाटेखालीच. घरमालकीणबाईंनी विचारलं, "तुझे रायरु आज लटकले नाहीत?" मी म्हटलं, विश्रांती घेतायत. रोज सकाळी ठरवायची की आता सांगू, आणि रोज विळी घेऊन भाजी चिरायला बसायची. भांडण करायला मला कधी वेळ लागला नाही. पण चुकले म्हणायचं म्हटलं की तोंड उघडेना. त्या दोन दिवसांत मी माझ्या स्वभावाला जितकं बोलले, तितकं पुढे कुणीच बोललं नाही.

रविवारी सकाळी, तपासणीच्या आदल्या दिवशी, हे कपाटातून स्टोअरचा खाकी कोट काढून बटणं तपासत बसले होते. ते पाहिलं आणि माझं मला राहवेना.

"आटे चांगले आहेत," मी म्हटलं. "दांडी मी उलटी लावली होती. कुंकवात ठिपका दिसेना. उलट्या बाजूला फिरवल्यावर घट्ट झाली, तेव्हाच कळलं होतं मला. तरी बोलले नाही."

मला वाटलं हसतील. तीन वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता, आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला होता. त्या दिवशी चढवला. "कळलं होतं? कळलं होतं आणि मला लटकू दिलंस?" खाटेखालून त्यांनी दांडी ओढली, नळी हातानं फिरवून आटे बघितले, नखानं चाचपले. "एवढे बारीक आटे, कुठे ढिले नाहीत काही नाहीत. दोन दिवस मी स्वतःला काय काय म्हणालो असेन, आहे का कल्पना? इकडे ये. उभी राहा इथे आणि बघ."

मी दारापाशी जाऊन उभी राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसलंही नाही. हे बोलतच होते. "हे टोक इकडे. असं. आता इकडे फिरवली की घट्ट होते, दिसलं? आणि तू लावलीस ती अशी," म्हणून त्यांनी दांडी उलटी धरली, आणि पुन्हा सुलटी केली. रागाच्या भरात त्यांना कपाळाची उंची आठवली नाही. चौकट जिथे सगळ्यांत रुंद आणि भक्कम, तिथे अगदी वर, तोरणाच्या आंब्याच्या पानांना लागून त्यांनी ती टेकवली आणि दोन्ही हातांनी पिळायला लागले.

उजवा दंड त्यांच्या कानाला लागला होता. हे मला तेव्हाही ठिपका कुठला ते विचारत होते, मूर्ख म्हणत होते, असं पुन्हा केलंस तर बघ म्हणत होते. मी नुसती मान हलवत राहिले. मध्ये एक शब्द बोलले असते, तर त्यांनी हात खाली घेतला असता.