रुमालाखालचा आकडा

जळगाव स्टेशनवर मला सोडायला अकरा माणसं आली होती. त्या सगळ्यांच्या देखत माझ्या थोरल्या भावाने, रफीकभाईने, सांगितलं की सलीमच्या तिकिटासाठी मी माझी मोटारसायकल विकली. मनात वाईट नव्हतं, कौतुकानेच बोलला. पण इतक्या मोठ्याने की चहावाल्यानेही वळून पाहिलं. दाळमिलमधली हमाली सोडून मी पोलंडला एका गोदामात कामाला निघालो होतो. खिशात करारपत्र होतं आणि डोक्यात राग.

गाडीला वेळ होता. अब्बांनी खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि खालून माझी दोन बोटं धरली.

अब्बा धुळ्याच्या आणि पाचोऱ्याच्या बैलबाजारात दलाली करायचे. तिथे बैलाची किंमत कोणी बोलून दाखवत नाही. रुमालाखाली हात घालायचा, एक बोट धरलं की एक, अख्खा पंजा धरला की पाच. लहानपणी मी विचारलं होतं, हे लपवायचं कशाला? अब्बा बाजारातल्या बोलीत म्हणाले होते, "भाव तोंडमा नही, हातमा शे." मोठा झालो तेव्हा कळलं. बोललेला आकडा चारचौघांचा होतो, मग माणसाला मागे येणं जड जातं. धरलेली बोटं मात्र गुपचूप सोडता येतात.

तर अब्बांनी दोन बोटं धरली, म्हणजे दोन वर्षांत परत ये. मी त्यांचा पंजा दाबला. सौदा तीनवर ठरला. रुमाल त्यांनी माझ्याकडेच राहू दिला, आणि तिसऱ्या वर्षी मी बोलीप्रमाणे भेटून गेलो.

हे वाचणाऱ्यांपैकी काही जण गावातच राहिलात आणि काही जण माझ्यासारखे निघून गेलात. गेलेल्यांना वेगळं सांगायला नको की तिकडे माणूस कसा उभा राहतो. जळगावात मी पाठीवर पोती वाहिली, इथे फोर्कलिफ्ट चालवायला शिकलो, आणि मालकाने एक दिवस ओव्हरटाइमवरून मला मूर्ख बनवायचा प्रयत्न केला तेव्हा चावी त्याच्या टेबलावर आपटून बाहेर पडलो. आज युक्रेनच्या सीमेजवळच्या एका छोट्या गावात माझं स्वतःचं गोदाम आहे. डाळी, मसाले, पोहे, सगळं भारतीय हॉटेलांना पोचवतो. जागा मारेकची. तो पोलिश शेतकरी, गहू पिकवतो, शेजारीच राहतो. पिवळा वाटाणा यायचा इहोरकडून. तो युक्रेनचा, स्वतःचा ट्रक चालवणारा. भावावरून आम्ही तिघे इतके भांडायचो की पोस्टमन दारातच थांबायचा. तरी रविवारी जेवण एकत्र.

रफीकभाईच्या मनातून मात्र ती विकलेली मोटारसायकल गेली नाही. दर सुट्टीत, दर लग्नात तेच. "माझी गाडी गेली म्हणून हा विमानात बसला." शेवटी नशिराबादला त्याच्या मुलीच्या लग्नात मी एक कोरी मोटारसायकल मांडवाबाहेर उभी केली आणि दोनशे पाहुण्यांसमोर चावी त्याच्या हातावर ठेवली. म्हणालो, "घे. आता परत नाव काढू नकोस." त्याचा चेहरा पाहून मला बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. त्याने चावी खिशात घातली आणि सहा वर्षं माझ्याशी बोलला नाही.

त्याच काळात युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं. पहिल्या आठवड्यात मारेकने आपली व्हॅन सीमेवर नेली आणि इहोरची बायको ओलेना व म्हातारी आई यांना घेऊन आला. आपल्या घराच्या वरच्या दोन्ही खोल्या त्यांना दिल्या. गावात सगळ्यांनीच दारं उघडली होती. मी महिनाभर मोठ्या पातेल्यात खिचडी शिजवून सीमेवर वाटली. स्थानिक पेपरात सूपवाल्यांचे फोटो आले, खिचडीचा आला नाही. तेही मी विसरलेलो नाही.

पुढे युक्रेनचं स्वस्त धान्य इकडे उतरलं आणि मारेकच्या गव्हाला कोणी विचारेना. पोलिश शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आडवे लावून सीमा अडवली. मारेक तिथे, पहिल्या रांगेत. पलीकडे ट्रकांची रांग, आणि त्या रांगेत दहा दिवस इहोर, माझा वाटाणा घेऊन. टीव्हीवर एका देशाचे मंत्री आम्ही काय काय दिलं ते मोजत होते, दुसऱ्याचे आमचे किती मेले ते मोजत होते.

अकराव्या दिवशी इहोर पोचला तो थेट माझ्या गोदामात, दाढी वाढलेली, डोळे लाल. मारेक तिथेच होता. मारेक म्हणाला, "तुझी आई माझ्या घरात राहते. एकदा तरी आभार मानलेस?" इहोर म्हणाला, "आमची पोरं मरतायत म्हणून तू निवांत ट्रॅक्टरवर बसतोस. ठेव तुझं घर. रविवारी दोघींना घेऊन जातो."

नेणार कुठे? त्याचं घर खारकीवला. तिथे रोज भोंगे वाजत होते, आणि म्हातारीला तळघराच्या पायऱ्याही उतरवत नव्हत्या.

त्या दोघांच्या भांडणात मला ओळखीचे आवाज ऐकू आले. मारेक बोलत होता तो रफीकभाई, आणि इहोर म्हणजे मांडवाबाहेर चावी देणारा मी. बोलून बसले होते दोघे, आता मागे कोण येणार?

मी टेबलाच्या खणातून अब्बांचा रुमाल काढला. दोघांना बोटांचे आकडे समजावले. आधी इहोरचा हात घेतला. विचारलं, म्हातारी इथे किती महिने राहावी? खरं सांग, मारेकला दिसणार नाही. त्याने भिंतीकडे बघत माझी दोन बोटं धरली. मग मारेकचा हात घेतला, तोच प्रश्न. त्याने माझा अख्खा पंजा धरला. सोडला. परत धरला. परत सोडला, परत धरला. थांबेचना.

बैलबाजारात मी असा सौदा कधी पाहिला नव्हता. घेणारा कमी मागत होता, देणारा जास्त देत होता, आणि तरी दोघे हमरीतुमरीवर आलेले. माझं डोकंच फिरलं. मराठीत दोन अस्सल शिव्या दिल्या, दोघांचे हात एकमेकांत देऊन वर रुमाल टाकला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

परत आलो तर इहोर डोळे पुसत होता आणि मारेक त्याला ओरडत होता, की वरच्या खोलीचा हीटर नीट चालत नाही हे तुझ्या आईने मला आधी का सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मारेक पुन्हा ट्रॅक्टर घेऊन सीमेवर गेला. त्याचा गहू आणि त्याचं म्हणणं जिथल्या तिथेच होतं. पण इहोर पुन्हा रांगेत लागला तेव्हा रोज सकाळी मारेक थर्मास घेऊन त्याच्या ट्रककडे चालत जायचा. सरकारं अजून धुसफुसतात. म्हातारी अजून वरच राहते आणि माझ्या खिचडीत शेपू घालते. मी एवढा भांडखोर, पण त्या बाईपुढे गप्प बसतो.

त्यानंतर मी अब्बांना फोन केला, येतोय म्हणालो आणि गाडीची वेळ सांगितली. एवढंच. गाडीची वेळ त्यांनी कोणाला सांगितली हे मी विचारलं नाही.

जळगाव स्टेशनबाहेर रफीकभाई उभा होता. शेजारी तीच मोटारसायकल. सहा वर्षांत त्याने सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं.

"बस," तो म्हणाला. "गाडी तुझी, पेट्रोल माझं."

मी न भांडता बॅग उचलली. माझ्या बाबतीत हे विशेष आहे. मागे बसलो, प्लास्टिक चरचर वाजलं, आणि स्टेशनपासून घरापर्यंत इतकं हलकं वाटत होतं की त्याने दोन खड्डे मुद्दाम घेतले तेही सोडून दिले.

घरी अब्बा खाटेवर बसून होते. चहा झाला. रफीकभाईने विचारलं, "किती दिवस आहेस?" आणि पुढे काही बोलणार तेवढ्यात मी माझ्या खांद्यावरचा अब्बांचा तोच रुमाल काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. अब्बा मान पुढे काढून आमच्या चेहऱ्यांवरून आकडा ओळखायला बघत होते.

घर म्हणजे काय, असं तिकडे कोणी विचारलं तर मी आता त्या खाटेसमोरची जागा सांगतो. त्याने किती बोटं धरली आणि मी किती दाबली, ते इथे लिहिणार नाही. परतीचं तिकीट दोनदा बदलावं लागलं, एवढंच सांगतो.