तिच्याकडं बघायचं नसतं

मोबाईलवरच्या ज्या बाईला तुम्ही चहा निवेपर्यंत दोनदा मारता, तिनं तुमचं काय वाकडं केलंय?

तीच हो. केसांच्या जागी वळवळणारे साप. ग्रीक लोकांच्या पुराणातली आहे ती; मी वाचून घेतलंय, मला कुणी शिकवलेलं नाही. गेम कुठलाही काढा, ही असतेच. पहिल्या गुहेत हिरवी, पुढच्या किल्ल्यात लाल, त्याच्या पुढं आणखी थोराड. एका दरवाजात मारली की पुढच्या दरवाजात हजर. तिच्या तोंडाकडं थेट बघितलं की तुमचा गडी दगड होतो, म्हणून ढालीच्या चकाकीत तिला बघायचं आणि तलवार चालवायची. स्टँडवर एसटीची वाट बघणारी पोरं मारतात, कॉलेजातल्या पोरी मारतात, आणि बायकांच्या हक्कावर मला भाषण देणारे शहाणेही मारतात.

तिला कधीच न मारणारं एकच माणूस मला ठाऊक आहे. औंधच्या डोंगराखालच्या एका वस्तीवर राहणाऱ्या बनुबाई.

बनुबाईंच्या डोक्यावर जट होती. ऐन तरुणपणी तापानं अंथरुणाला खिळल्या, केस विंचरायचे राहिले, गुंता झाला. सासूनं त्या गुंत्यावर हळदकुंकू टाकलं आणि गावाला सांगितलं, देवी आली. संपलं. तेल बंद, कंगवा बंद, संसारही बंद. नवऱ्यानं दुसरीकडं घर केलं आणि तिकडंच वारला. मुलगी क्रांती चुलत्याकडं वाढली, सांगलीला दिली. जट वाढत कमरेखाली आली. शुक्रवारी बायका यायच्या, जटेला कुंकू लावायच्या, नारळ ठेवायच्या आणि मान खाली घालून निघून जायच्या. बसायचं कुणी नाही. बाकीच्या दिवशी तर दारावरून जाणाराही अंग चोरून जायचा.

मी साताऱ्यात रिक्षा चालवतो आणि सुट्टीच्या दिवशी कातर घेऊन गावोगाव जटा कापत फिरतो. लोक शिव्या देतात, मी एकही उधार ठेवत नाही. बनुबाईंनी मला कितीदा तरी दारातूनच परत पाठवलं होतं. "जावा वं दादा, दुसऱ्या कुनाची तरी हजामत करा!"

एकदा गेलो तर बाई उंबऱ्यात बसून मोबाईलवर खेळत होत्या. जावई वीरधवलनं वापरून सोडलेला तो मोबाईल क्रांतीनं पाठवला होता. त्याचा गेम आत तसाच राहिलेला. क्रांती रविवारी फोन करायची, पण आईला कॅमेरा बंद ठेवायला लावून. तिला दिवस गेले होते आणि सासूचं म्हणणं, घरात जट दिसायला नको.

मी मागं उभा राहून बघायला लागलो. डाव्या अंगठ्यानं गडी पळवत, उजव्यानं कोळी आणि सांगाडे उडवत बाई सरसर पुढं गेल्या. दरवाजा आला. सापांची बाई आली. आणि बनुबाईंनी गडी तिच्यासमोर नेऊन नुसता उभा केला. ती वळली, डोळे रोखले, गडी दगड झाला. खेळ खलास. बनुबाईंनी पहिल्यापासून सुरू केला.

"अहो मावशी, मारा की तिला!"

"कशापायी?"

"नाही मारली तर पुढं कशा जाणार?"

"म्होरं काय ठिवलंय माज्यासाठनं?"

असलं बोलणं मला सोसत नाही. मोबाईल मागून घेतला, ढाल धरली, एका दमात मारून दाखवली. पुढचा दरवाजा उघडला तर ती उभीच. लाल.

"बगा, आली का न्हाई परत?" बनुबाई हसल्या. "मारलं तरी तिनं जायचं कुटं? तिला तरी कुनी इचारलं आसंल व्हय, बाई, तुला साप पायजेत का म्हनून?" मग मोबाईल पदरानं पुसत म्हणाल्या, "दादा, दिसभरात माज्या तोंडाकडं बगनारी तेवडी येकच हाय."

मी फटकळ माणूस. त्या दिवशी न भांडता परतलो.

काही दिवसांनी त्यांचाच फोन आला. "कातर घिऊन या."

गेलो. काय झालं ते त्यांनी सांगितलं. राहीबाई आणि त्या एकाच वर्षी या वस्तीवर सुना म्हणून आल्या. एका विहिरीवर धुणं धुतलं, सासवांच्या चुगल्या केल्या, एकमेकींना अगंतुगं करत दिवस काढले. ती राहीबाई शुक्रवारी कुंकू लावायला आली तेव्हा बनुबाईंनी विचारलं, "राहे, बस की घटकाभर." राहीबाई डोळे मिटून म्हणाली, "आवं आईसाब, आमाला पाप लागंल," आणि पाठ न दाखवता मागं मागं सरकत निघून गेली.

"मला आवं म्हनली, दादा. राही."

मी जट भिजवली. बनुबाईंनी माझा हात धरला. "कापल्यावर बसंल का ती माज्याजवळ?"

"ठाऊक नाही. खोटं मी बोलत नाही."

त्यांनी माझा हात सोडला. मग म्हणाल्या, "कापा."

मुळापाशी थोडी थोडी कापावी लागते, खाली जखमा असतात. सगळी निघाली तेव्हा बाईंनी मान डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली, पुन्हा डावीकडं. कैक वर्षांत ती मान अशी वळली नव्हती. "लय हलकं वाटतंया," म्हणाल्या आणि दाराकडं बघत बसल्या.

शुक्रवार आला. कुणी आलं नाही. राहीबाई तर मागच्या बोळानं पाण्याला जायला लागली. आधी गाव जटेला भ्यायचं, आता जट नसलेल्या डोक्याला भ्यायला लागलं.

माझं डोकं फिरलं. पारावर माजी फौजी लालासाहेब बसले होते, त्यांना म्हणालो, "सरहद्दीवर बंदुकीला भ्याला नाहीत आणि म्हातारीच्या टकलाला भिता?"

"जबान सांबाळ गड्या," ते उसळले. "तू येतूस, कातर चालवतूस, साताऱ्याला जाऊन झोपतूस. हितं काय वंगाळ झालं तर आमाला निस्तराय लागतंय."

"तिच्या घरी एक कप चहा प्यायला लागतो. एवढंच निस्तरा!"

ते उठून गेले. क्रांतीच्या सासूनंही कळवलं, बाळंतपण होईपर्यंत कॅमेरा बंदच असू दे, देवीचा कोप व्हायचा असला तर उगाच नको.

मी जमेल तसा जातो. बनुबाईंचे केस आता बोटभर वाढलेत, पांढरे, मऊ. त्या ते रोज विंचरतात. चहाचं आधण दोन कपांचं ठेवतात. कुणी नसलं की दुसरा कप संध्याकाळी गरम करून स्वतःच पितात. पण मी एकटा माणूस, त्यात परगावचा, आणि राहीबाई मी नव्हे.

तुम्ही औंधला यमाईच्या दर्शनाला येताच. डोंगर उतरलात की बनुबाईंचं घर विचारा. लोक तोंड फिरवतील, तरी विचारा. शक्यतो शुक्रवारी जा. पाया पडू नका, नारळ नेऊ नका, फोटो तर अजिबात काढू नका. चहा नको म्हणू नका. समोर बसा आणि त्यांच्या तोंडाकडं बघून बोला.